कामा हॉस्पिटलचे ऋण : डॉ. जेरुशा झिराड

१.
मुंबईचे कामा हॉस्पिटल आजच्या तरुण पिढीला मुख्यतः एका रात्रीमुळे ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी या इमारतीत शिरले आणि तिच्या लगतच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी धारातीर्थी पडले. त्या रात्रीपूर्वी या वास्तूने सव्वाशे वर्षांचा काळ पाहिला होता. त्यातील सुमारे एकोणीस वर्षे तिची सूत्रे बेने इस्रायल समाजातील एका ज्यू स्त्रीच्या हाती होती. तिचे नाव डॉ. जेरुशा झिराड. आजचा धागा तिच्याविषयी, आणि बालपणीचे एक ऋण तिने आयुष्यभर कसे फेडले त्याविषयी.

२.
कहाणीची सुरुवात जेरुशाच्या जन्माआधी होते. १८८० च्या सुमारास मुंबईतील असंख्य स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा आजार अंगावर काढणे पसंत करीत. पडदा, संकोच, घरच्यांचा विरोध अशी अनेक कारणे होती. अडलेल्या बाळंतिणीच्या बाबतीत या संकोचाची किंमत तिच्या प्राणांनी मोजावी लागे. शहरात पाश्चात्त्य वैद्यक होते, रुग्णालये होती, १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेजही होते. मात्र या साऱ्याचा लाभ निम्म्या लोकसंख्येपर्यंत पोहोचत नव्हता, कारण तपासणारा हात पुरुषाचा होता.

३.
हा तिढा सोडवण्यासाठी मुंबईतील काही नागरिक पुढे आले. पारशी सुधारक सोराबजी शापुरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी एक निधी उभारला. इंग्लंडहून स्त्री डॉक्टर आणणे, स्त्रियांसाठी दवाखाना काढणे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार विद्यार्थिनींना उघडून देणे ही त्यामागची उद्दिष्टे होती. १८८३ च्या अखेरीस डॉ. एडिथ पीची मुंबईत दाखल झाल्या. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी दात्याने रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. १८८६ मध्ये स्त्रिया व मुले यांच्यासाठीचे कामा हॉस्पिटल सुरू झाले. तेथे रुग्णही स्त्रिया आणि डॉक्टरही स्त्रिया, ही त्या काळात विलक्षण गोष्ट होती.

४.
त्याच १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयातून एम.डी. पदवी मिळवली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. रुग्णालय उभे राहिले होते, पण ते चालवण्याइतक्या भारतीय स्त्री डॉक्टर अद्याप तयार व्हायच्या होत्या. त्यामुळे कामा हॉस्पिटलचे प्रमुखपद पुढील कित्येक वर्षे युरोपीय स्त्रियांकडेच राहिले. ही पोकळी लक्षात ठेवावी, कारण जेरुशा झिराड यांच्या आयुष्याची दिशा तिच्याशी जोडलेली आहे.

५.
झिराड हे आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावावरून आले. बेने इस्रायल समाजाची बहुतेक आडनावे अशीच कोकणातील गावांच्या नावांवरून पडलेली आहेत : दिवेकर, केहिमकर, अष्टमकर. परंपरा सांगते की या समाजाचे पूर्वज फार पूर्वी नौगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून कोकणात आले. घाण्यावर तेल गाळण्याचा व्यवसाय त्यांनी पत्करला. शनिवारी, म्हणजे शब्बाथाच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत. त्यावरून शेजारचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. भाषा मराठी, पेहराव मराठी आणि धर्म यहुदी, असे त्यांचे शतकानुशतकांचे जीवन होते.

६.
अठराव्या शतकापासून हा समाज मुंबईकडे वळला. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत. फौज, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांत बेने इस्रायल कुटुंबे स्थिरावली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हायम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, आणि मोशे, दावीद यांच्या कथा मराठी कीर्तनांतून सांगितल्या जाऊ लागल्या. या समाजाकडे बगदादी ज्यू घराण्यांसारखी गडगंज संपत्ती नव्हती. पगारावर चालणारी घरे, शिक्षणाची ओढ आणि एकमेकांना धरून राहण्याची सवय, एवढीच त्याची मिळकत होती.

७.
जेरुशा यांचा जन्म १८९० च्या सुमारास, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातील शिवमोग्गा येथे झाला. शिक्षणासाठी त्या पुण्यास आल्या आणि हुजूरपागेत शिकल्या. ही शाळा १८८४ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे, वामनराव मोडक, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृतींच्या प्रयत्नांतून निघाली होती. मुलींना उच्च शिक्षण द्यावे की नाही, यावर तेव्हा पुण्यात कडाक्याचा वाद झाला होता. वादाला पुरून उरलेल्या त्या शाळेने पुढील पिढ्यांत अनेक कर्त्या स्त्रिया घडवल्या. हिंदू सुधारकांनी काढलेल्या शाळेत एक ज्यू मुलगी शिकते, ही त्या काळातील महाराष्ट्राची एक लोभस बाजू होय.

८.
जेरुशा अकरा वर्षांची असताना तिची बहीण गंभीर आजारी पडली. तिला कामा हॉस्पिटलमध्ये दाखल करण्यात आले आणि ती बरी होऊन घरी आली. घरातील मोठ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. अकरा वर्षांच्या मुलीने मात्र त्या प्रसंगातून एक निश्चय उचलला. आपण डॉक्टर व्हायचे आणि याच रुग्णालयात काम करायचे, असे तिने ठरवले. बालपणीचे निश्चय बहुधा विरून जातात. हा निश्चय टिकला, आणि तो पूर्णत्वास जाण्यास पंचवीसहून अधिक वर्षे लागली.

९.
शिष्यवृत्त्यांच्या आधारे त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९१२ मध्ये एल.एम.एस. ही वैद्यकीय पदवी मिळवली. त्या एकट्याच नव्हत्या. त्याच पिढीतील, त्याच समाजातील रिबेका रूबेन यांनी १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिला क्रमांक पटकावला होता. पुढे त्यांनी केहिमकरांच्या शाळेची, म्हणजे नंतरच्या सर एली कदूरी शाळेची, मुख्याध्यापिका म्हणून दीर्घकाळ धुरा वाहिली. काही हजारांच्या एका लहानशा समाजातून एकाच पिढीत एक अग्रगण्य शिक्षिका आणि एक अग्रगण्य डॉक्टर निर्माण व्हावी, यामागे मुलींच्या शाळा आणि त्यांत मुली पाठवणारी घरे होती.

१०.
डॉक्टर झाल्यावर जेरुशा यांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला. १९१३ मध्ये बेने इस्रायल स्त्रियांचे ‘स्त्री मंडळ’ स्थापन झाले, त्यात त्यांचा पुढाकार होता. स्त्रियांनी एकत्र यावे, शिकावे, समाजातील गरजूंच्या मदतीला धावून जावे, असा या मंडळाचा हेतू होता. पुण्या-मुंबईत सेवासदनासारख्या संस्थांनी जे वातावरण निर्माण केले होते, त्याचाच हा एक धागा. नव्या डॉक्टरला व्यवसायात जम बसवण्याची घाई असते. त्याच काळात आपला वेळ संस्थेला देण्याची सवय जेरुशा यांनी लावून घेतली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही.

११.
कामा हॉस्पिटलची सूत्रे हाती यायची असतील तर विलायतेतील उच्च पदवी हवी होती. तिच्यासाठी पैसा हवा होता, आणि परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या पुरुषांसाठी होत्या. येथे टाटांची कर्जाऊ शिष्यवृत्ती उपयोगी पडली. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये ही योजना सुरू केली होती. तिच्या पहिल्या लाभार्थींत डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या स्त्रियाच होत्या. शिष्यवृत्तीचे पैसे परत करायचे, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला मिळतात, असे तिचे तत्त्व. पुढे परदेशी शिक्षणासाठीची भारत सरकारची शिष्यवृत्तीही जेरुशा यांना मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

१२.
१९१४ मध्ये त्या लंडनला पोहोचल्या आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला. वीस वर्षांपूर्वी रखमाबाई याच संस्थेत शिकून गेल्या होत्या. बालविवाहाच्या गाजलेल्या खटल्यात ‘हे लग्न मला मान्य नाही’ अशी भूमिका घेणाऱ्या त्याच रखमाबाई. युद्धामुळे पुरुष डॉक्टर आघाडीवर गेले आणि एरवी स्त्रियांना बंद असलेली कामे त्यांच्यापुढे आली. आकाशातून झेपेलिन बाँब टाकीत असलेल्या त्या शहरात जेरुशा यांनी एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या रुग्णालयात अनुभव घेतला. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रातील एम.डी. पदवी त्यांनी संपादन केली.

१३.
लंडनने त्यांना आणखी एक गोष्ट दिली. क्लॉड मॉन्टेफिओरी आणि लिली मॉन्टेग्यू यांच्या पुढाकाराने तेथे १९०२ मध्ये ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ स्थापन झाली होती. प्रार्थना समजेल अशा भाषेत व्हावी, स्त्री-पुरुषांनी एकत्र बसावे, धर्माचा गाभा आचारापेक्षा नीतीत शोधावा, असा या उदारमतवादी पंथाचा आग्रह होता. १९१८ मध्ये लिली मॉन्टेग्यू यांनी स्वतः प्रवचन दिले. ज्यू प्रार्थनागृहात स्त्रीने व्यासपीठावरून बोलावे, ही तेव्हा अनेकांना धक्कादायक वाटणारी घटना होती. रानड्यांच्या प्रार्थनासमाजाच्या महाराष्ट्रातून गेलेल्या विद्यार्थिनीला हा विचार अगदीच परका वाटला नसावा.

१४.
मायदेशी परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात त्यांनी वरिष्ठ शल्यचिकित्सक म्हणून काम केले. त्यानंतर काही काळ बंगळूरच्या प्रसूतिगृहात सेवा केली. अखेर त्या मुंबईस आल्या आणि कामा हॉस्पिटलमध्ये मानद शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाल्या. १९२५ मध्ये लंडनच्या धर्तीवर मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ची स्थापना करण्यात त्या अग्रभागी होत्या. परंपरानिष्ठ मंडळींना हे रुचले नाही. तरीही संस्था टिकली, आणि तिच्यातूनच पुढे भायखळ्याचे रोदेफ शालोम हे प्रार्थनागृह उभे राहिले. दिवसा प्रसूतिकक्ष आणि उरलेल्या वेळात समाजाचे काम, असा त्यांचा दिनक्रम बनला.

१५.
त्या काळची मुंबई बाळंतिणीसाठी आणि बाळासाठी अत्यंत कठोर होती. १९२१ मध्ये शहरात नोंदलेला बालमृत्युदर दर हजार जन्मांमागे सहाशेच्या वर होता. जन्मांची नोंद अपुरी असल्यामुळे हा आकडा फुगलेला होता, कारण अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर गावी जात आणि बाळाला घेऊन परतत. ही सूट धरली तरी उरणारे चित्र भयंकरच होते. एका खोलीच्या चाळीत दहा-बारा माणसे, गिरणीतील दीर्घ पाळ्या, अर्धपोटी गर्भारपण. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने प्रसूती लाभाचा कायदा केला. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणात रजा व भत्ता देणारा भारतातील हा पहिला कायदा. त्याच्या बाजूने कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही भाषण केले होते.

१६.
मुंबईत ही अवस्था, तर खेड्यांत काय असेल? १८९० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. ज्युलिया बिसेल यांनी अहमदनगरला स्त्रियांसाठी वैद्यकीय सेवा सुरू केली होती. पण पाथर्डी तालुक्यातील तिसगावसारख्या गावात एखादी बाई अडली, तर करंजी घाट ओलांडून बैलगाडीने नगर गाठावे लागणार. हा पल्ला सुमारे चाळीस किलोमीटरचा. तोवर सुईणीच्या हातगुणावर आणि नशिबावर भिस्त. त्या सुईणी निष्णात असत, पण निर्जंतुक हात आणि उकळलेली हत्यारे यांचे ज्ञान त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचवलेच नव्हते. स्त्री डॉक्टरांची संख्या वाढणे हा म्हणूनच पदव्यांचा प्रश्न नव्हता. तो जीवनमरणाचा प्रश्न होता.

१७.
१९२८ मध्ये डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. बहिणीच्या खाटेपासून या खुर्चीपर्यंत पोहोचण्यास सव्वीस-सत्तावीस वर्षे लागली होती. पुढे १९४७ पर्यंत त्या या पदावर राहिल्या. मंदीची वर्षे, सविनय कायदेभंग, दुसरे महायुद्ध, १९४४ चा गोदीतील स्फोट, १९४६ चे नाविकांचे बंड आणि दंगली, या सर्व काळात रुग्णालयाचा प्रसूतिकक्ष सुरूच राहिला. बाळे राजकीय घडामोडींची वाट पाहत नाहीत. इतिहासाच्या पुस्तकांत या वर्षांची प्रकरणे वेगवेगळी पडतात, रुग्णालयाच्या नोंदवहीत ती एकापाठोपाठ एक अशा रात्रपाळ्या असतात.

१८.
डॉ. झिराड लंडनमध्ये ज्या संस्थेत शिकत होत्या, त्याच संस्थेत त्याच वर्षांत ल्यूसी विल्स नावाची इंग्रज तरुणीही शिकत होती. १९२८ मध्ये विल्स मुंबईत आल्या आणि गर्भवती गिरणी कामगार स्त्रियांत आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा शोध घेऊ लागल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे प्रयोग चालले. हा आजार केवळ लोहाच्या अभावाने होत नाही, तर आहारातील अन्य एका घटकाच्या कमतरतेमुळे होतो, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी दाखवून दिले. तो घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. आज गरोदर स्त्रीला हातात दिली जाणारी फॉलिक आम्लाची गोळी मुंबईच्या अर्धपोटी गिरणी कामगार स्त्रियांच्या वेदनेतून आलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९.
अशा वातावरणात १९३७-३८ मध्ये डॉ. झिराड यांनी आपल्या कारकिर्दीतील कदाचित सर्वांत महत्त्वाचे काम हाती घेतले. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन, म्हणजे आजच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पूर्वसूरी संस्था, हिच्या वतीने त्यांनी मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी केली. तिचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणात स्त्री दगावली की ‘तिचा योग संपला’ असे म्हणून घर गप्प बसे. चौकशीला मात्र प्रश्न विचारावे लागतात. ही स्त्री कशाने गेली? जंतुसंसर्गाने, रक्तस्रावाने, झटक्यांनी की रक्तक्षयाने? रुग्णालयात आणायला उशीर झाला का? हा मृत्यू टळला असता का?

२०.
हे प्रश्न विचारण्याची वेळही मोलाची होती. १९३६ मध्ये लंडनच्या लेनर्ड कोलब्रुक यांनी सल्फा गटातील औषध सूतिकाज्वरावर गुणकारी ठरते असे सिद्ध केले. म्हणजे बाळंतिणींच्या एका मोठ्या मारेकऱ्यावर प्रथमच नेमके औषध हाती आले. मात्र औषध कुठे, किती आणि कुणाला पोहोचवायचे हे कळण्यासाठी आधी मृत्यूंचा हिशेब हवा. गर्भारपणीच तपासणी, रक्तक्षयावर वेळीच उपचार, प्रशिक्षित दाई, अडचणीच्या वेळी जवळचे रुग्णालय, ही आज सरकारी योजनांतून परिचित झालेली सूत्रे अशाच चौकश्यांवर उभी आहेत. ज्या स्त्रियांची नावे कुठल्याही वंशावळीत नीट नोंदली जात नसत, त्यांच्या मृत्यूची कारणे निदान आता कागदावर आली.

२१.
१९४५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना एम.बी.ई. हा किताब दिला. १९४७ मध्ये त्या कामा हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्या, पण कामातून नव्हे. भारतातील स्त्री डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी स्वातंत्र्योत्तर काळात सांभाळले. प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांचा अखिल भारतीय महासंघ उभा राहिला, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या अध्यक्षांत त्यांची गणना झाली. ज्या देशात एकेकाळी अशा पदांसाठी विलायतेहून डॉक्टर आणावे लागत, तेथे आता या विषयाची स्वतःची राष्ट्रीय संघटना होती. १९६६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले.

२२.
याच काळात त्यांचा समाज बदलत होता. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढील दशकांत बेने इस्रायल कुटुंबे मोठ्या संख्येने तिकडे गेली. कोकणातील गावागावांत राहिलेली यहुदी घरे रिकामी झाली, सिनेगॉगमध्ये प्रार्थनेसाठी आवश्यक दहा पुरुष जमवणेही ठिकठिकाणी अवघड होऊ लागले. या समाजावर भारतात कधी छळ झाला नव्हता, त्यामुळे हे जाणे पळून जाणे नव्हते. तरीही ते जाणेच होते. डॉ. झिराड स्वातंत्र्यानंतरही आपल्या शहरात, आपल्या संस्थांत काम करीत राहिल्या. दीर्घायुष्य लाभून १९८० च्या दशकात त्यांचे निधन झाले.

२३.
मुंबई-पुण्यातील ज्यू दातृत्व म्हटले की सासून घराणे आठवते. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग, पुण्याचे लाल देऊळ, ससून रुग्णालय, ससून डॉक, ससून लायब्ररी. ही नावे दगडात कोरलेली आहेत आणि लोकांच्या तोंडी आहेत. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, कारण ससूनच्या पायऱ्या चढून गेलेल्या गरीब रुग्णांची गणती होणार नाही. पण दानाचा दुसराही एक प्रकार असतो. पगारावर जगणाऱ्या माणसाकडे द्यायला वास्तू नसते. त्याच्याकडे वर्षे असतात, हातातील कसब असते, आणि निवृत्तीनंतरची उरलेली ताकद असते. हे दान संगमरवरात कोरले जात नाही, म्हणून ते इतिहासातून लवकर निसटते.

२४.
ज्यू परंपरेत दानासाठी ‘त्सेदाका’ हा हिब्रू शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ दयेपेक्षा न्यायाच्या जवळ जातो. गरजूला देणे हा उपकार नाही, ते देणेच लागते, असा त्यातील भाव. डॉ. झिराड यांचे आयुष्य या शब्दाच्या उजेडात पाहिले तर नीट उलगडते. एका पारशी दात्याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाने एका ज्यू मुलीची बहीण वाचवली. हिंदू सुधारकांच्या शाळेने त्या मुलीला शिकवले. टाटांच्या निधीने तिला विलायतेस पाठवले. तिने घेतलेले सारे त्याच शहराला परत केले, आणि ज्यांना परत केले त्या बाळंतिणी बहुतांशी तिच्या धर्माच्या नव्हत्या.

२५.
आता पुन्हा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीकडे. दहशतवादी कामा हॉस्पिटलमध्ये शिरले तेव्हा प्रसूती विभागात वीस गर्भवती स्त्रिया होत्या. तेथील परिचारिकेने दारे लावून घेतली, त्या सर्वांना एका लहानशा खोलीत नेऊन बसवले, आणि एकीला कळा सुरू झाल्यावर गोळीबार चालू असताना भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिकक्षापर्यंत पोहोचवले. त्या रात्री तेथे बाळ जन्मले. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेले रुग्णालय कशासाठी हवे, याचे उत्तर १८८६ मध्ये ज्यांनी दिले आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत जिने ते रोज दिले, त्यांच्यापर्यंत ही रात्र मागे जाऊन पोहोचते.

२६.
पुढच्या वेळी मुंबईत सीएसएमटीवर उतरलात, तर कामा हॉस्पिटलच्या फाटकापाशी क्षणभर थांबा. तेथे आजही पहाटेपासून बायकांची रांग असते : कोकणातल्या, घाटावरच्या, उत्तरेकडून आलेल्या, सर्व धर्मांच्या. त्यांतील कुणालाही जेरुशा झिराड हे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मात्र ते ठाऊक असायला हवे.

धागा समाप्त.